सगळं म्हणजे काय, बाय?

मी देवभोळी नाही. कर्जतच्या एका लहान रुग्णालयात नोंदींचं आणि कॉम्प्युटरचं काम बघते, आणि जे तपासता येतं तेवढंच खरं मानते. म्हणून हे लिहायला मला वर्ष लागलं.

माझी नणंद कुंदा आमच्याच घरी राहायची. कुंभिवलीच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. यकृतावरही दोन ठिपके होते. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ठिपके जुने असतील तर काळजी नाही, शस्त्रक्रिया करू; नवे असतील तर आजार पसरलाय, मग चिरून उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी तिचं स्कॅन आमच्याच रुग्णालयात झालं होतं. त्याची सीडी मी घर आवरताना टाकून दिली होती. "सर्व्हरवर आहे की, कशाला हवा कचरा?" असं कुंदाला वर ऐकवलंही होतं.

डॉक्टरांचा निर्णय व्हायच्या आधीच्या मंगळवारी कुंदानं मला भिवपुरीजवळच्या आमच्या गावी, गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालायला नेलं. मी हात जोडून म्हटलं, "सगळं नीट कर." म्हातारे गुरव नारळ हातात धरून थांबले. "सगळं म्हंजे काय, बाय? कोनाचं दुखनं, कवापासून, त्याच्या आदी काय घडलं, ते सांग. असं मोघम गाऱ्हानं नाय चालत." मी चिडून विचारलं, देवीला ठाऊक नाही का? ते म्हणाले, "तिला ठावं हाय. तुला ठावं हाय का, ते ती बघते." कुंदा पदराआड हसत होती. मी नाव सांगितलं, आजार सांगितला. आधी काय घडलं, ते मात्र सांगितलं नाही.

ज्या दिवशी दुपारी दोन वाजता मुंबईचे डॉक्टर निर्णयाला बसणार होते, त्याच सकाळी, जुनं स्कॅन पाठवायच्या आधीच, आमचा सर्व्हर बंद पडला. मी सर्व्हरच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बोलण्यावरून विदर्भाकडचे वाटणारे एक गृहस्थ होते. मी म्हटलं, सगळं बंद आहे, लवकर सुरू करा. ते शांतपणे म्हणाले, "सगळं म्हणजे नेमकं काय, ताई?"

मी कागद-पेन ओढलं.

मशीनचा नंबर, कोणते दिवे लागलेत, कोणते विझलेत, कधीपासून बंद आहे, पडद्यावर काय आलंय ते जसंच्या तसं, आणि त्याआधी काय बदललं, एवढं लिहून काढा आणि पुन्हा फोन करा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. माझा संताप झाला. इथे माणूस मरतंय आणि हे नंबर मागतात! तरी खाली वाकून, धूळ पुसून नंबर उतरवला. चार डिस्कपैकी दोन डिस्कचे दिवे विझले होते. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न होता, हो की नाही. मशीननं विचारलं की आपण 'हो' म्हणतो, तशी सवय. माझं बोट बटणावर गेलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. तेच गृहस्थ. "असा उलटा फोन करायची आमची पद्धत नाही. पण तुमचा आवाज ऐकला, राहवलं नाही. पडद्यावरचं वाचा बरं."

मी एकेक शब्द वाचला. वाचता वाचता कळलं की डिस्क पुसून नव्यानं मांडू का, असं ते मशीन विचारत होतं. मी बोट मागे घेतलं.

"आता सांगा, आधी काय बदललं?"

"काही नाही," मी म्हटलं. ते नुसते थांबले. रागावले नाहीत, घाईही केली नाही. मग मी सांगितलं, "भिंतीला ओल आली म्हणून काल सर्व्हरचं टेबल ओढलं. मशीन चालू असताना. मीच ओढलं."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. मशीन बंद करायला लावून त्यांनी त्या दोन डिस्क माझ्याकडून नीट आत बसवून घेतल्या. साडेबाराला स्कॅन मुंबईला गेलं.

दोन वर्षांपूर्वीचं यकृत स्वच्छ होतं. ठिपके नवे होते. शस्त्रक्रिया झाली नाही.

मी सर्व्हरच्या रिकाम्या खोलीत बसून विचार केला, हेच कळायचं होतं तर ते मशीन सुरू का झालं? पण कुंदाला निष्फळ चिरफाड सोसावी लागली नाही. उरलेले चार महिने ती घरी राहिली, ओटीवर बसून शाळेच्या वह्या तपासत. त्यातल्याच एका दुपारी, तिला पेज भरवताना, मी ते सांगितलं. आजार कळण्याआधी सहा महिने तिनं मला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, "गॅस असेल, ओवा चाव." दवाखान्यात काम करणारी मी.

तिनं पेज गिळली. "मला आठवतंय गं, वहिनी. तू कधी सांगतेस, ते बघत होते." मग डोळे मिटून म्हणाली, "ओवा जरा जुनाट होता तुझा."

ती गेल्यावर मी एकटी गावदेवीला गेले. या वेळी सगळं सांगितलं: कोणाचं, कधीपासून, आधी काय घडलं. काही मागितलं नाही. गुरवांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, "आता पोचलं."

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलंच नव्हतं. नंतर आभार मानायला फोन केला तर दुसरंच कोणी बोललं. माझ्या तक्रारीची नोंद त्यांच्याकडे सुटली म्हणून बंद झाली होती. फोन कसा वेळेवर आला, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी रोज सकाळी सर्व्हरचे चार दिवे बघते, हात जोडते आणि कामाला लागते. आपल्या हातात खरं सांगणं आहे. पुढचं देवीकडे.