अम्मींची शेवटची आंघोळ

अल्लाह आहे, याची मला कधी शंका नव्हती. तो माझं ऐकतो का, याची मात्र होती. शाळेत पोरांना शिकवणारी बाई मी, नमाजही पढते, पण दुआ मागताना मनात कुठेतरी वाटायचं की आपण नुसतं बोलतोय. अम्मी गेल्या त्या दिवसापर्यंत हे असंच होतं.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही मनियार, चंद्रपूरकडच्या मूल गावच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत आसपासच्या खेड्यांतल्या बाया बांगड्या भरायला त्यांच्याकडेच यायच्या. अम्मी हात असा काही दाबायच्या की लहान मापाची बांगडीही न तडकता चढायची. सासर-माहेरच्या गोष्टी ऐकता ऐकता डझनभर बांगड्या हातात जायच्या, बाईला कळायचंही नाही. त्यांचं दुसरं काम मात्र फक्त मोहल्ल्याला माहीत होतं. आमच्यात कुणी बाई वारली की दफनाआधी तिला गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालायला, अम्मींना बोलावणं यायचं. दुकानावर चादर टाकून त्या निघायच्या. त्या घरचा चहासुद्धा घेत नसत. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं.

मला मयताची भीती. माझी आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तिच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. ते अजून सलतं. अम्मींना हे ठाऊक होतं, तरी तीन वर्षांपासून त्या मागे लागल्या होत्या की सोबत चल, हे काम शिकून घे. मी परीक्षेचे पेपर पुढे करायचे. त्या हसायच्या. "पोरायले शिकवतेस अन् स्वतः शिकाले भेतेस काय?" एकदा मात्र दुकानात बसल्या बसल्या सरळच म्हणाल्या, "माह्या वक्ताले तूच धुवजो मले. दुसऱ्याचा हात नको." मी हो म्हणाले. म्हातारं माणूस बोलतं, आपण हो म्हणतो, तसंच ते हो होतं.

सहा महिन्यांपासून त्या वाळत चालल्या होत्या. दवाखान्याचं नाव काढलं की चिडायच्या. "उमर झाली माय, अजून काय," एवढंच उत्तर. एका पहाटे फजरची नमाज पढून त्या आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत.

त्यांच्या सोबतीने गुस्ल देणारी एक खाला, म्हणजे मावशी, शेजारच्या सावली गावात होती. तिचं चारच दिवसांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाकायची मनाई केली होती. तिने फोनवर रडत सगळी रीत मला सांगितली, मी ती वहीत उतरून घेतली. जमलेल्या बायांनी तोवर कुराण वाचायला घेतलं होतं. पाणी तापवू, कपडा शिवू म्हणाल्या, पण हात लावायला कुणी पुढे होईना. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर दफन ठरलं होतं. मशिदीतून मयताला आंघोळ घालायचं तख्त आलं, अंगणात चादरींचा आडोसा झाला, शेजारच्या कुणबी बायांनी बोरीची पानं टाकून पाणी उकळून आणून दिलं. मी वही घेऊन आडोशाबाहेर उभी. मनात एकच दुआ, की या अल्लाह, एवढं माझ्यावरून टळू दे.

तेवढ्यात एक अनोळखी बाई अंगणात आली. हातात पिशवी, डोक्यावर ओढणी. आलापल्लीची होती. चंद्रपूरला निघालेली बस मूलच्या स्टँडवर बिघडली, म्हणून नमाजला जागा शोधत मोहल्ल्यात आली आणि मशिदीच्या भोंग्यावरून मयतीचं ऐलान ऐकून आमच्या दारात. कुणीतरी तिला अडचण सांगितली. ती सरळ माझ्याकडे आली, वही हातातून घेऊन बाजूला ठेवली आणि विचारलं, "कोण होती तुमची?"

"सासू. मले धुवाले सांगून गेली. मले भेव लागते."

"लागू द्या. हात तुमचे चालतीन, मी पाणी टाकतो. बिस्मिल्ला म्हणा."

मला वाटलं होतं, ती म्हणेल तुम्ही बसा, मी करते. खरं सांगते, मला तिचा थोडा रागच आला. पण गेले आत. हाताला कपडा गुंडाळला, आधी वुजू, म्हणजे नमाजआधी धुतात तसे हात-तोंड-पाय, मग डोकं, मग उजवी बाजू. अंगावरच्या चादरीखालून हात फिरवायचा, ती वरून बेताने पाणी सोडायची. थोड्या वेळाने, ही अम्मीच तर आहे, असं वाटलं, आणि रडू आलं.

मग माझ्या हाताला ते लागलं. अम्मींनी घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं असं काहीतरी. मी थांबले. अख्ख्या गावासाठी धावलेल्या बाईने एवढं एकटीने सोसावं, याचा मला भयंकर राग आला. आलापल्लीच्या बाईनेही पाहिलं. तिने चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, "जिंदगीभर लोकायचं झाकलं असन बाईनं. आता आपण तिचं झाकू."

खरंच होतं ते. गुस्ल देणारीने पाहिलेलं बाहेर सांगायचं नसतं. बाया अम्मींना खोदून खोदून विचारायच्या, फलाणीच्या सुनेच्या अंगावर काय होतं म्हणून. अम्मी ओठ उघडत नसत. मी तांब्याकडे हात केला, तिने कापराचं शेवटचं पाणी टाकलं. केसांच्या दोन वेण्या घातल्या, कफन गुंडाळलं. मी बाहेर येऊन हात धुतले, तोवर ती निघून गेली होती. बस सुरू झाली, असं कुणी म्हणालं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. बसगाड्या बिघडतातच. मी मागितलं होतं, काम टळू दे. ते टळलं नाही, करायला माणूस सोबत मिळालं. माझं ऐकलं गेलं, आणि माझ्याहून जास्त अम्मींचं. आता मी मागते कमी आणि मिळेल ते घेते. मोहल्ल्यातून बोलावणं आलं की जाते. भीती अजून लागते.

दफनाहून परतल्यावर नवऱ्याने मला विचारलं होतं, "अम्मीले काई तकलीफ होती काय? तुले काई दिसलं?" आईसाठी तळमळणारा लेक, त्याला हक्क होता. सांगितलं असतं तर माझंही ओझं अर्धं झालं असतं.

मी म्हणाले, "चेहरा शांत होता."

तो अजून विचारतो. मी अजून तेवढंच सांगते.