सरकारमान्य प्रेमगीतांचे सोमणकाका

आम्ही कॅनडातल्या रेजिनाला आलो ते जानेवारीत. विमानतळावर घ्यायला आलेल्या श्री. दिगंबर सोमण यांना आम्ही त्याआधी पाहिलेही नव्हते. महाराष्ट्र मंडळाच्या यादीत नवे मराठी नाव दिसले की ते गाडी काढत. गाडीत कुणीतरी खर्जात गात होते. माझ्या यजमानांनी अदबीने विचारले, "काका, भजन कन्नड आहे का?"

"रशियन," काका म्हणाले. "आणि भजन नाही, प्रेमगीत आहे. सरकारमान्य."

तरुणपणी काकांनी पोलादाच्या कारखान्यात रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली काम केले. तिथेच त्यांना त्या भाषेचा आणि गाण्यांचा नाद लागला. तिकडे रेकॉर्डी काढणारी कंपनी सरकारीच. त्या कंपनीच्या तीनेकशे रेकॉर्डी कॅनडात त्यांच्या बेसमेंटमध्ये आल्या. "प्रेमगीतसुद्धा चार साहेबांच्या सह्या होऊन बाहेर पडायचं. उगाच काहीबाही नाही," असे ते अभिमानाने सांगत. त्यावर सुमनकाकू म्हणत, "म्हणूनच सगळी सर्क्युलरसारखी वाटतात."

काकांचा प्रामाणिकपणा मी एका गणेशोत्सवात पाहिला. आईवरचे एक हळवे गीत ऐकवतो, असे सांगून त्यांनी रेकॉर्ड लावली. त्या कंपनीची बरीचशी पाकिटे एकसारखी, त्यामुळे आत भलतीच रेकॉर्ड निघाली. बँडच्या ठेक्यावर एक गृहस्थ ओरडू लागले, "राज, द्वा, त्री!" म्हणजे, एक, दोन, तीन! आयाबाया रुमाल काढून बसल्या होत्या. काकांनी माइक घेतला. "माफ करा, ही कवायतीची रेकॉर्ड आहे. चूक माझी. पण आता लागलीच आहे, तर सर्वांनी उभे राहावे." मोदक खाल्लेली साठ माणसे सोवळे नेसवलेल्या गणपतीपुढे हात वर-खाली करू लागली. पोरे ओरडली, "वन्स मोअर!"

पण मला सांगायचे आहे ते व्हेराबाईंविषयी. त्या काकांच्या शेजारीण, निवृत्त शाळामास्तरीण, मूळच्या रशियाकडच्या. पक्षाघाताने त्यांचे इंग्रजी गेले. नर्सिंग होममध्ये त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत, बोलत नसत, जेवत नसत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काकांचे ड्रायव्हिंग बंद होते, म्हणून दर गुरुवारी त्यांना आणि त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरला मी तिथे नेत असे.

दोन गुरुवार बाईंनी मानही वळवली नाही. तिसऱ्या गुरुवारी काका धीर सुटून स्वतःच रेकॉर्डबरोबर गाऊ लागले. रशियन शब्द, पण उच्चार थेट गुहागरचे. दुसऱ्या ओळीला पलंगावरून आवाज आला, "न्येत!" म्हणजे, नाही!

मी दचकले. बाई उठून बसल्या होत्या. त्यांनी गाण्यातला तो चुकलेला शब्द काकांकडून सात वेळा म्हणवून घेतला. समोर सूप निवत होते. आठव्या खेपेला शब्द बरोबर आला, तेव्हा त्यांनी समाधानाने चमचा उचलला. दारातली नर्स पाहतच राहिली.

मग दर गुरुवारी शिकवणी सुरू झाली. पण काकांची प्रगती काही होईना. एकदा जाताना गाडीत त्यांनी अख्खे गाणे स्वच्छ म्हटले आणि बाईंसमोर त्याच गाण्यात अकरा चुका केल्या. परतताना मी म्हटले, "काका, येताना तर सगळं बरोबर म्हणत होता!"

"कुठे बोलू नकोस," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मी पास झालो तर बाई कुणाला शिकवतील?"

ही गोष्ट मी आज फोडते आहे. या गौरवग्रंथातले मराठी व्हेराबाईंना वाचता येणार नाही, एवढाच भरवसा. पंचाहत्तरीनिमित्त सोमणकाकांना उत्तम आरोग्य लाभो, सुमनकाकूंची साथ लाभो आणि पुढची पुष्कळ वर्षे, दर गुरुवारी, ते असेच नापास होत राहोत.