बटणावरची टेप

गेल्या महिन्यात आकुर्डीच्या आमच्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि माइकवर कौतुक: कंपनीच्या संघाचा गोलकीपर, घरच्यांना धरून राहणारा, वस्तीतल्या पोरांना दर रविवारी फुकट फुटबॉल शिकवणारा. मागच्या रांगेत माझा धाकटा भाऊ टाळ्या वाजवत होता. त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. त्या टाळीचा आवाज मला गर्दीतही ओळखू येतो.

त्या हाताबद्दल मी कुणाशी बोललो नव्हतो. आता लिहितो.

चाकणच्या कंपनीत मला खेळाडू म्हणून घेतलं होतं. काम प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या मशीनवर, पण सामने जवळ आले की दुपारनंतर सरावाला सोडायचे. प्रॉडक्शन मात्र सुटत नसे. खेळाडू गेला की त्याच्या मशीनवर कंत्राटातला कुणीतरी उभा करायचे. माझ्या जागी भाऊ यायचा. तोही गोलकीपरच, माझ्यापेक्षा बरा म्हणणारेही होते. पण घरात आधी एकानं तरी कायम व्हायला हवं होतं, आणि मी थोरला.

प्रेस जुनी, दोन बटणांची. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. निघायच्या आधी जास्त माल काढावा म्हणून मी एक बटण टेपनं दाबून ठेवायचो. बरेच जण तसं करायचे. जाताना टेप काढायची, एवढंच. फायनलच्या दिवशी गाडी गेटवर हॉर्न देत होती. टेप तशीच राहिली.

भावानं अडकलेला तुकडा सरळ करायला डावा हात आत घातला. उजवा दुसऱ्या बटणावर टेकला.

तिकडं आम्ही फायनल जिंकलो. चषक घेऊन परतलो तेव्हा गेटवर कळलं.

चौकशीत टेप निघाली. मशीनवर तो होता, तेव्हा टेप त्याचीच ठरली. मी लावली न्हाई, एवढंच तो म्हणत राहिला. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, मी तर मॅचला होतो. खोटं नव्हतं ते.

कंत्राटदारानं त्याला काढलं. मी कायम झालो. आई शेवटपर्यंत त्याला भाकरी मोडून द्यायची आणि वर ऐकवायचीही, तुझा धांदरटपणा नडला म्हणून. मी शेजारच्या ताटावर खाली मान घालून जेवायचो. आई जाऊन आता बरेच दिवस झाले.

पोरांना शिकवायला लागलो तसा भाऊही मैदानावर येऊ लागला. बॉलमध्ये हवा भरायचा. गोलमागे उभा राहून हात कुठं ठेवायचे ते पोरांना सांगायचा.

सत्कारानंतरच्या रविवारी, पोरं गेल्यावर, मी त्याला सगळं सांगितलं. तो जाळं गुंडाळत होता, थांबला नाही.

"मशीन तुझं होतं, दादा. टेप कुणाची ते मला तवाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

मी म्हटलं, मंडळात सगळ्यांसमोर सांगतो, शाल परत करतो. आता मात्र त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मंडळाला सांगून काय? आईला सांगायचं होतंस."

जाळ्याचं एक टोक धरायला मी पुढं झालो. त्यानं ते दातात धरलं आणि एकट्यानंच गाठ मारली.

तेव्हापासून तो मैदानावर आलेला नाही. बॉलमध्ये हवा मीच भरतो. काका कुठंयत, असं पोरं विचारतात. त्यांना बरं नाही, असं मी सांगतो.