पाटावरचं रिव्हॉल्व्हर

दसऱ्याला दिलीपकडे गेलो. तोही माझ्यासारखा सराफ. माझ्या दुकानात चोरटे शिरल्यापासून, "रिव्हॉल्व्हरचा परवाना काढ आणि ते रोज जवळ बाळग," असं म्हणत तो माझ्या मागे लागला आहे. माझं काही ठरत नव्हतं.

पाटावर तराजू, हातोडी, वहिनींची कात्री आणि शेवटी त्याचं रिव्हॉल्व्हर मांडलं होतं. वहिनी एकेकाला हळदकुंकू वाहत पुटपुटत होत्या, "वर्षभर भरपूर काम दे." रिव्हॉल्व्हरपाशी त्यांचा हात थबकला. "तू आपलं नुसतं पडून राहा, बाबा," म्हणाल्या आणि फूल ठेवून झटकन उठल्या.

बाकीची हत्यारं आपण काम व्हावं म्हणून हाती घेतो. हे एकच, काम पडू नये म्हणून रोज कमरेला लावायचं. आणि ज्याच्यासाठी लावायचं, तो कोण, कधी येईल, कोणास ठाऊक! पण गल्ल्यावर बसून दिवसभर वाट मात्र त्याचीच बघायची.

दिलीपने आपट्याची पानं हातात ठेवली आणि कडकडून मिठी मारली. एरवी तो अंग चोरून खांदा तेवढा टेकवतो. आज कमर मोकळी होती. वाटलं, किती दिवसांनी भेटतोय हा! खरं तर आमची दुकानं समोरासमोर आहेत.