घोरपडीचं उरलेलं वजन

माणूस म्हणजे दोन पायांवर उभं राहायला शिकलेलं आणि तेवढ्यावरच शेफारलेलं एक जनावर, याहून जास्त किंमत आमच्या घरमालकांनी माणसाला उभ्या आयुष्यात दिली नाही. टेंभुर्णी, नातेपुते आणि आसपासच्या गावांत गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कागदोपत्री ते पशुधन पर्यवेक्षक; पण गावोगावच्या लोकांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं आणि त्यांनीही ते कधी नाकारलं नाही. निवृत्त झाल्यावर सोलापुरात बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहायचे. खाली आम्ही भाडेकरू. घर बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ना आमची नोकरी विचारली, ना गाव. माझी ऋतुजा तेव्हा सहा वर्षांची होती. तिची हनुवटी दोन बोटांनी वर उचलून ते तोंडात डोकावले आणि म्हणाले, "दुधाचं दोन पडल्यात. पोरगी तब्येतीनं चांगली हाय. कदी येताय ऱ्हायाला?" माझ्या नवऱ्याने घाईघाईने स्वतःचं तोंड मिटून घेतलं.

नोकरी संपली तरी डॉक्टरांच्या नोंदवह्या संपल्या नव्हत्या. आमच्या गल्लीतल्या एकूण एक कुत्र्याची त्यांच्याकडे नोंद होती. नाव, रंग, आईचं नाव, आणि बापाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'संशयित : गिरणीवाल्याचा तपकिरी'. शेजारच्यांच्या मुलाला सांगून आलेलं स्थळ बघायला त्यांना मोठ्या मानाने नेलं, तर तिथे त्यांनी मुलीच्या शिक्षणाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिच्या मामांचे गुडघे कसे आहेत ते मात्र तीनदा विचारलं. "खोड मायकडनं उतरती," असं त्यांनी चहाची बशी खाली ठेवत सांगितलं. लग्न झालं, पण नंतर शेजाऱ्यांनी त्यांना कुठे नेलं नाही. नोंदवहीत खाडाखोड त्यांना खपत नसे. चुकलं तर एक तांबडी रेघ आणि खाली सही, हा सरकारी नियम. आणि तशी रेघ मारायची वेळ आपल्यावर क्वचितच आली, असं ते छाती पुढे काढून सांगत.

अशा माणसाच्या हाती टीव्हीवरची एक मालिका लागली. त्यातली नायिका दिवसा सून आणि रात्री नागीण. चार भाग डॉक्टरांनी कसेबसे सहन केले. पाचव्याला ते रिमोट हातात घेऊनच जिना उतरून आमच्या दारात आले. "ताई, त्या बाईला दिवस गेलेत म्हनं. मला येवडंच सांगा, ती अंडी घालनार का बाळंत हुनार? घरातली बारा मानसं पेढं वाटायला लागली, पन ह्याचा इचार एकानंबी केला न्हाय!" मी हसत होते, पण ऋतुजा हसली नाही. ती तेव्हा सहावीत होती. तिने गंभीरपणे विचारलं, "आजोबा, आणि सातव्या महिन्यात तिने रूप बदललं तर आतल्या बाळाचं काय होईल?" डॉक्टर तिथेच पायरीवर टेकले. चाळीस वर्षांत इतका नेमका प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

त्या दिवसापासून जिन्याच्या पायऱ्यांवर दोघांचं संशोधन सुरू झालं. नव्या कोऱ्या वहीवर डॉक्टरांनी मथळा घातला, 'रूप पालटणारे प्राणी : शरीर व वंश'. रकाने आखले. शेवटच्या दोन महिन्यांत गाभण मादीने रूप पालटू नये, हे पहिल्याच दिवशी ठरलं. लशींवर आठवडाभर वाद झाला आणि दोन्ही रूपांच्या वेगवेगळ्या टोचाव्यात असा निकाल लागला. लांडगा होणाऱ्या माणसाला गूळपोळी पचेल का, काळविटाचं माणूस झालं की शिंगं आत जातात की गळून पडतात, पडली तर दर खेपेला नवी यायला किती चारा लागेल, कशालाही त्यांनी 'गोष्टच आहे' म्हणून सोडून दिलं नाही. कपड्यांचं काय होतं, हा प्रश्न मात्र "आपल्या खात्याचा न्हाय" म्हणून त्यांनी निकाली काढला.

सगळ्यात कडक नियम वजनाचा होता. "सत्तर किलोचा मानूस मुंगूस झाला, तर बाकीचं वजन कुटं ठिवतो? फडताळात?" म्हणून रूप सारख्याच वजनाचं घ्यायचं, असं ठरलं. या नियमाने चिमणी, खार, फुलपाखरू सगळी बाद झाली आणि ऋतुजाच्या वाट्याला शेळी आली. तिने ती फारशी तक्रार न करता घेतली. पण एका प्राण्यावर ती अडून बसली. तिच्या गोष्टीतली बाई घोरपड होत होती.

"घोरपड भरती फार तर चार-पाच किलो," डॉक्टर म्हणाले. "तुजी बाई पंचावन किलोची. पन्नास किलो गेलं कुटं?"

"कुठं जात नाही," ऋतुजा म्हणाली. "तिच्या अंगावरच असतं. म्हणून तर तिला हलता येत नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते."

डॉक्टर हरखून गेले. "वा! लई पक्कं बोललीस की! लिही, अपवाद मंजूर."

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. वर्षातून एकदा, बहुतेक दिवाळीनंतर, मला काहीतरी होतं. सकाळी उठवत नाही. मग दुपारीही उठवत नाही. कणीक भिजवायची या विचारानेच रडू येतं. माझ्या आईलाही हे व्हायचं. तेव्हा घरातले त्याला आळस म्हणत, आणि मीही स्वतःला तेच म्हणत होते. नवरा श्रीपूरला साखर कारखान्यात. गळिताच्या हंगामात पंधरा दिवसांनी एकदा घरी येणार. त्यामुळे घरात मी आणि ऋतुजा दोघीच. जिना माझ्या खोलीच्या खिडकीला लागूनच आहे. ते सगळं संशोधन मी पडल्या पडल्या ऐकत होते, भिंतीकडे तोंड करून. आणि तरी ती घोरपड कोण, हे मला कळलं नाही. मला वाटलं, पोरगी किती हुशार आहे.

मग वंशाचं पान आलं. हा डॉक्टरांचा खास प्रांत.

"ह्या बाईची आई?" त्यांनी विचारलं.

"ती पण घोरपड व्हायची."

"आन बाईला पोरगी हाय?"

"एकच आहे."

"मग इचारायचंच काम न्हाय. सलग दोन पिढ्या, ते बी मायकडनं! पोरगी हुनारच. लिही, शंभर टक्के."

त्यांचा तो खणखणीत आवाज मला अजून आठवतो. पेन्सिल चालल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ऋतुजाला ताप आला. दुपारची वेळ होती. शाळेतून येऊन ती घरात न येता पायरीवरच बसली होती, ताठ, दप्तर मांडीवर घेऊन. डॉक्टर वरून उतरले आणि त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला.

"अगं, अंग भाजतंय की तुजं! घरात जाऊन झोप."

"नको. आडवं पडलं की सुरू होतं."

"काय सुरू हुतं?"

"तुम्हीच सांगितलंत ना आजोबा. शंभर टक्के."

मी आत, तीन हातांवर, सगळं ऐकत होते. आता मात्र मला कळलं होतं. आणि मला उठता आलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खरं ते हेच. पोरगी म्हणाली होती तसंच, पन्नास किलो अंगावर होते.

डॉक्टर तिला वर घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून गोळी आणली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. झोपायला ती तरीही तयार होईना. तेव्हा त्यांनी खुर्ची खाटेशी ओढली, वही उघडली आणि तिला सांगितलं, "तू झोप. मी हितं पहाऱ्याला बसतो. दर अर्ध्या तासाला बघून लिहितो. काय बी बदल दिसला तर लगेच उठवतो. सरकारी मानूस हाय मी, खोटी नोंद करत न्हाय." यावर ती झोपली. ते पान माझ्याकडे आहे. दीड वाजता : ताप एकशे दोन, रूप : ऋतुजा. दोन वाजता : ताप एकशे एक, रूप : ऋतुजा. अडीच वाजता : कूस बदलली, रूप : ऋतुजा. असं साडेपाचपर्यंत, नऊ वेळा, प्रत्येक ओळीपुढे सही.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "ताई, माज्या हातनं चूक झाली," एवढंच म्हणाले आणि हातातला कागद पुढे केला. जुन्या सवयीने त्यांनी रीतसर चिठ्ठी लिहिली होती. 'रुग्ण : स्त्री, वय सदतीस. लक्षणे : खाणे कमी, हालचाल कमी, कळपापासून वेगळे राहणे. उपचार माझ्या आवाक्याबाहेरचा. वरच्या दवाखान्यात पाठवत आहे.' त्या अवस्थेतही 'कळपापासून' वाचून मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी जी रडायला लागले ती थांबेना. दोन दिवसांनी तेच रिक्षा घेऊन आले आणि मला मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "लक्षणं अगदी बरोबर टिपलीत." बाहेर बाकावर बसलेल्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते रिक्षा मिळेपर्यंत मान ताठ करून उभे होते.

औषधं सुरू झाली. राहिलं होतं ते वंशाचं पान. ऋतुजाला समोर बसवून डॉक्टरांनी 'शंभर टक्के' यावर तांबडी रेघ मारली, सही केली आणि बाजूला लिहिलं, 'माहीत नाही'.

"म्हणजे किती टक्के?" तिने विचारलं.

"म्हंजे म्हाईत न्हाय. आईला हाय तर पोरीला हुयाचा संभव ऱ्हातो, ते न्हाय म्हननार न्हाय मी. पन एकाच गाईच्या दोन कालवडी बघितल्या मी. एक लाथा झाडायची, दुसरी अंगावर पोरं खेळवायची. दोगींचं मी एकच लिहून ठिवलं हुतं. कालवडींनी काय माजी वही वाचली न्हाय. आन आणखी एक लिही. घोरपड पडून ऱ्हाती ती मेल्याली नसती, गारठल्याली असती. उनात आली की चालती."

हा शेवटचा नियम त्यांनी माझ्यावर लगेच लागू केला. रोज सकाळी सात वाजता खिडकीच्या गजांवर काठी वाजायची, "ताई, ऊन आलं!" मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही. पण गच्चीवर जायचे. तिथे दोन खुर्च्या मांडलेल्या असत. ते मला गल्लीतल्या कुत्र्यांची वंशावळ सांगत आणि मी ऊन खात बसे.

डॉक्टरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. वरचा मजला बंद असतो. गिरणीवाल्याच्या तपकिरीची नातवंडं अजून जिन्यात झोपतात, पण त्यांची नोंद कोणी करत नाही. ऋतुजा बारावीला आहे. गोळ्या माझ्या चालू आहेत, आणि तरीही एखादा दिवस वाईट येतोच. गेल्या थंडीत असाच आला. सकाळभर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यातच कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा उशाशी ती जुनी वही उघडी ठेवलेली होती, आणि कोऱ्या पानावर ऋतुजाचं अक्षर होतं. दहा वाजता, रूप : आई. साडेदहा वाजता, रूप : आई. अकरा वाजता : कूस बदलली, रूप : आई. प्रत्येक ओळीपुढे तिची सही होती.

खिडकीबाहेर कोणीतरी गजांवर हलकेच काठी वाजवली. मी उठले.