तारेखालचे करकोचे

आमच्या गावात वीज आली ती आधी पाटलाच्या विहिरीवरच्या मोटरीला. आमच्या वस्तीला नाही. आपल्या काळ्या जमिनीत खांब रोवू द्यायला एकही शेतकरी तयार नव्हता, म्हणून तार नेली तळ्यावरून. तळं काय, कोणाच्या बापाचं नव्हतं.

त्या तळ्यावर हिवाळ्यात करकोचे उतरत. दूरदेशाहून यायचे, दिवसा हरभऱ्यात चरायचे, रात्री उथळ पाण्यात उभे राहायचे. तार आली त्या हिवाळ्यात, पहाटेच्या धुक्यात उठताना ते तारेवर आदळू लागले. काठावर, तारेखालीच, आमचा झिरा होता, पाझराच्या पाण्यासाठी खणलेला खड्डा. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव, तेव्हा वस्ती झिऱ्याचंच पाणी प्यायची. त्यात पाखरं पडून सडू लागली. आम्ही ती बांबूनं बाहेर लोटायचो. कुत्री ती ओढत गावात नेऊ लागली, तेव्हा कुठं गावाच्या नाकाला वास आला. निरोप धाडला : "मेलेली पाखरं उचलून न्या."

बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. शिव्या खाल्ल्या, मजुरी बुडाली, पण सोडलं ते सोडलं. आता पाखरांच्या निमित्तानं तेच पुन्हा गळ्यात घालायचा डाव होता. मी तेव्हा गावाहून ये-जा करत अकोल्याला शिकत होतो, पत्रकं काढत होतो. मी पत्रक काढलं : तार तुमची, पाखरंही तुम्हीच उचला! आणि तार हलवा, असा अर्ज वीज कचेरीत दिला.

जीपमधून वीज कचेरीचे साहेब तळ्यावर आले, पाटीलही आले. साहेबांसोबत शिपाई; बडनेऱ्याकडचा, आपल्यातलाच. त्या सकाळी तारेखाली एकच करकोचा पडलेला होता.

"एका पक्ष्यावरून धोका कसा ठरवणार?" साहेब म्हणाले. "हिवाळाभर रोज सकाळी तारेखालचे पक्षी गोळा करा. किती पडतात ते कळू द्या, मग बघू."

"करतीन ना हे लोक," पाटील म्हणाले. "सवयीचंच काम हाय त्यायच्या."

"काहून?" मी म्हणालो. "मोजाले मी येतो रोज. उचलाले तुमचा पोरगा पाठवा."

"लय शिकला रे तू!"

"शिकलो, म्हणून तं मोजतो म्हणून राहिलो."

करकोचा साहेबांच्या पायाशीच पडला होता, मान मुरगळलेला. "हा घे जीपमध्ये," ते शिपायाला म्हणाले.

शिपायानं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, नका उचलू," मी म्हणालो.

"तुमी पत्रक काढा, बाबू," तो हळूच म्हणाला. "मले पगार लागते."

त्यानं फाईल काखेत मारली आणि पाखराचे लांब पाय धरले. पाटील मोठ्यानं हसले.

शिपाई मग हात धुवायला झिऱ्याकडे वळला. "तिथलं नोको," म्हणत आई धावली. लांबून आणलेल्या पाण्याचा तांब्या ती त्याच्या हातांवर ओतत राहिली. साहेबांनी हॉर्न वाजवला.

"वाजू द्या," आई म्हणाली. "नीट धुवा, भाऊ."

"उचलाले नको होतं यानं," मी पुटपुटलो.

"त्याले काहून बोलतं? ज्यानं सांगतलं त्याले बोल."

मी जीपकडे गेलो. "साहेब, उद्याचं पाखरू तुमी स्वतः उचला."

त्यांनी शिपायाला हाक मारली. गाडी काढली.

गोळा करायला पाटलाचा पोरगा कधीच आला नाही. आम्हीही हात लावला नाही. नुसतं मोजलेलं कचेरीला चालेना; गोळा झालं नाही, म्हणून धोकाही ठरला नाही. तार आहे तिथंच आहे. हिवाळा लागला की वस्तीतल्या बाया शेजारच्या गावाहून पाणी वाहतात, आणि पहाटे तळ्याकडून पाखरं तारेवर आदळल्याचा आवाज येतोच.