श्रावणातला काटा

आमच्या घरात कुणाला घास अडकला की तो काटाच असायचा. माशाचा काटा सोडून दुसरं काही अडकू शकतं, हे सासूबाईंना कधी पटलंच नाही. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी घाटकोपरला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. नवरा, मी आणि सासूबाई. सासरे गिरणीत होते, ते आधीच गेलेले. सासूबाई घरात मालवणीच बोलायच्या, स्वयंपाक एकहाती करायच्या, आणि त्यांच्या हातचं जेवताना कोणी मधेच पाणी प्यायलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि मी दर घासाला पाणी पिणारी. कर्म माझं!

पहिल्यांदा अडकलं ते लग्नानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी दुपारी. सुरमईची आमटी होती. घास छातीच्या मधोमध जाऊन थांबला. घशात नाही, छातीत.

"काटो लागलो," सासूबाई म्हणाल्या आणि कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळून माझ्या हातावर ठेवला. "चावू नको. असोच गीळ, काट्याक घेवन जातलो."

गिळला. दोन महिन्यांची सून दुसरं काय करणार? तो गोळा आधीच्या घासाच्या डोक्यावर जाऊन बसला. मग थुंकीसुद्धा खाली जाईना. दीड तास मी मोरीत उकिडवी बसून लाळ थुंकत होते आणि बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, सुनेला काटा लागलाय म्हणून. शेवटी सगळं उलटून पडलं. काटा नव्हता. मी नीट बघितलं होतं. "पोटात गेलो असतलो," त्या म्हणाल्या. 

पुढे महिन्यातून एकदा तरी हे व्हायचंच. कधी पोळी, कधी चिकन, कधी नुसती कोरडी भाजी. मी इतकी चावायला लागले की नवऱ्याचं जेवण होऊन, हात धुऊन, पेपर वाचून व्हायचा, तरी माझं ताट अर्धंच. उरलेलं मी गुपचूप टाकून द्यायचे. सासूबाई ते बघायच्या. एकदा नवऱ्याला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "तिका माझ्या हातचा रुचणा नाय." स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. अहो, त्यांच्या हातचं मला मनापासून आवडायचं! पण अर्धं ताट टाकणाऱ्या बाईवर विश्वास कोण ठेवणार?

डॉक्टर केले. एकेक नग नुसते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अॅसिडिटी ठरवली. गुलाबी औषध दिलं, वर थंड दूध प्यायला सांगितलं. चहातलं तेवढं चालायचं, पण नुसतं दूध मला लहानपणापासून नको वाटायचं, ते मी टाळलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणाले. मी म्हटलं, अहो, घशात नाही, छातीत अडकतं. "घसा स्वच्छ आहे," ते परत म्हणाले. बेरियम पाजून एक्स-रे काढला, तोही चांगला आला.

रक्त तपासलं तेव्हा मात्र इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या निघाल्या. त्या आकड्याखाली लाल रेघ मारलेली होती. मला वाटलं, सापडलं एकदाचं! डोंबल सापडलं. तेव्हा मुंबईत ज्याला त्याला इस्नोफिलिया असायचा. शिंका आल्या, इस्नोफिलिया. खोकला आला, इस्नोफिलिया. मला लहानपणी दमा होता हे ऐकल्यावर तर डॉक्टरांनी पुढे विचारलंच नाही. जंतांच्या गोळ्या झाल्या, मग तीन आठवडे मळमळायला लावणाऱ्या गोळ्या झाल्या. त्या रक्ताचा आणि माझ्या अडकणाऱ्या घासाचा काही संबंध असेल का, असं मी विचारलं तर डॉक्टर हसले. "नवीन लग्न आहे, मनाला लावून घेऊ नका," म्हणाले आणि मन शांत राहायची गोळी लिहून दिली. असा संताप आला म्हणून सांगू! ती गोळीसुद्धा मी चुरून पाण्यातून घेत होते.

मग तो श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात मासे बंद म्हणजे बंद. शनिवार होता, चेंबूरचं माझं ऑफिस अर्धा दिवस. दोन वाजता घरी येऊन जेवायला बसले आणि तिसऱ्याच घासाला पोळी अडकली. मी छातीवर हात दाबला. सासूबाईंनी सवयीनं भाताचा गोळा वळायला घेतला आणि मधेच थांबल्या.

"श्रावणात काटो? खंय खाल्लंस गो मासे? हापिसात?"

मला बोलता येईना. नुसती नाही म्हणून मान हलवली. तर नवरा म्हणतो, "अगं, खाल्ले असशील तर सांग ना, एवढं काय त्यात!"

डोकंच फिरलं माझं. समोर ताटात पोळी आणि बटाट्याची भाजी दिसतेय, तरी या मायलेकांना काटाच पाहिजे! सासूबाईंच्या हातातला गोळा मी ओढून घेतला आणि गिळून टाकला. शुद्ध मूर्खपणा. पाच वाजले तरी खाली जाईना, वरही येईना. नवऱ्यानं रिक्षा आणली. सासूबाई चपला घालून आधीच दारात उभ्या. "माका काटो बघूचो आसा," म्हणाल्या. माझ्या काळजीनं नव्हे, पुराव्यासाठी निघाल्या होत्या.

सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरनं तोंडातून दुर्बिणीची नळी घातली आणि अडकलेलं काढलं. मला ग्लानी होती, पण ट्रे सासूबाईंच्या पुढे धरलेला दिसला.

"काटो खंय?"

"कसला काटा, आजी? पोळीचा तुकडा आहे. आणि वर हा भात ठासून बसलेला."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "ह्यो माझोच भात."

डॉक्टर नवऱ्याला सांगत होता की अन्ननलिकेत आतून कड्या कड्या दिसतात, असते काहींची तशी. नळीच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासावा, असं त्याच्या मनात आलं नाही. मला जो आजार होता त्याला तेव्हा, मोठ्या माणसांत तरी, नावच नव्हतं.

सासूबाईंनी माफीबिफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पेज केली, आणि डॉक्टरांचं ते दूध मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ पेला भरून, साय काढून, माझ्यासमोर उभ्या. "पी गो. नळी मऊ ऱ्हवतली." शेजारीण काट्याचं काही बोलली की तिच्या अंगावर जायच्या, "काटो नाय तो! मी बघलंय माझ्या डोळ्यांनी." अखेर कुणीतरी माझ्या बाजूनं भांडत होतं. मग दूध कितीही नकोसं वाटलं तरी मी त्यातला थेंब ठेवत नव्हते. घास अडकायचे ते अडकतच राहिले, उलट वाढले. त्या पेला मोठा करायच्या.

त्या गेल्या, दुधाचा पेला तेवढा चालूच राहिला. नंतर पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी अन्ननलिकेतले सहा बारीक तुकडे काढून तपासले. त्यात त्याच पेशी भरलेल्या होत्या, लाल रेघेच्या. आजाराचं लांबलचक नाव मला अजून धड म्हणता येत नाही. आधी दम्याचा फवारा दिला, श्वासात ओढायचा नाही, गिळायचा. मग एकेक पदार्थ बंद करून पुन्हा नळी घालून बघितलं. माझं वैर निघालं ते दुधाशी.

"रोज प्यायचात? कोणी सांगितलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांनी," मी म्हटलं. सासूबाईंचं नाव घेतलं नाही. डॉक्टरांचा राग आला, सगळ्यांचा आला, फक्त त्यांचा येईना.

दूध सुटल्यावर काही महिन्यांनी मी त्यांच्या पद्धतीनं सुरमईची आमटी केली. पाण्याचा पेला घेतलाच नाही. दहा मिनिटांत ताट साफ झालं. ते रिकामं ताट बघायला त्या हव्या होत्या.